‘ओपिनियन’ म्हणजे मत, पण कोणते मत?



इंग्रजीच्या पुस्तकात धडा संपला की खाली प्रश्न असतात. त्यात एक प्रश्न हमखास असतो, ‘गिव्ह युवर ओपिनियन’. म्हणजे तुमचे मत द्या. या प्रश्नाला आपण बहुतेक जण एका ओळीत उत्तर लिहितो, ‘आय लाइक इट’. मला आवडले. झाले, संपले! पण आवडले हे मत झाले काय? शब्दकोशात ओपिनियन या शब्दासमोर ‘मत’ असे लिहिलेले असते. मग व्ह्यू म्हणजे काय? तेही मत. बिलीफ? जजमेंट? ॲडव्हाइस? मराठीतसुद्धा मत, विचार, समज, सल्ला, अभिप्राय, शेरा असे पुष्कळ शब्द आहेत. हे सगळे भाऊ-भाऊ असले तरी प्रत्येकाचे काम निराळे आहे. घरात विळा आणि विळी दोन्ही असतात, पण गवत विळ्याने कापतात आणि भाजी विळीवर चिरतात. शब्दांचेही तसेच आहे. म्हणून या वेळच्या भित्तिपत्रकात हा एकच शब्द घेऊन त्याचा नीट अभ्यास करू या.

१. शब्दाची ओळख

प्रथम स्पेलिंग. ओ, पी, आय, एन, आय, ओ, एन. एकूण सात अक्षरे. लक्षात ठेवायची युक्ती अशी : ओ दोनदा, आय दोनदा, एन दोनदा, आणि पी मात्र एकदाच. पी दोनदा लिहिला की चूक झाली म्हणून समजा. आपण ‘ओपिनियन’ असे म्हणतो. इंग्रज माणूस पहिला ओ अगदी हलका उच्चारतो आणि ‘पिन्’ वर जोर देतो, त्यामुळे ऐकताना ‘अपिन्यन’ असे वाटते.

हा शब्द मूळ लॅटिन भाषेतला. त्या भाषेत ‘ओपिनारी’ म्हणजे वाटणे, समजणे. तेथून तो फ्रेंच भाषेत गेला आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आला. आपला ‘मत’ हा शब्द संस्कृतातल्या ‘मन्’ या धातूपासून झाला आहे. मन् म्हणजे विचार करणे. त्याच धातूपासून मन, मनन, मती, मान्य, संमती हे शब्द झाले. दोन्ही शब्दांत गंमत पाहा. लॅटिन शब्दात ‘वाटणे’ आहे, तर आपल्या शब्दात ‘विचार करणे’ आहे. चांगल्या मताला दोन्ही लागते. आधी काहीतरी वाटते, मग त्यावर विचार करावा लागतो.

आणखी एक गंमत. व्ह्यू, ॲडव्हाइस आणि आयडिया हे तीन इंग्रजी शब्द मुळात ‘पाहणे’ या अर्थाच्या शब्दांपासून आले आहेत. पहिले दोन लॅटिनमधून आणि तिसरा ग्रीकमधून. मराठीत आपणही ‘दृष्टिकोन’ म्हणतो, ‘माझ्या नजरेतून बघ’ म्हणतो. म्हणजे दूरदूरच्या लोकांना एकच गोष्ट सुचली, की मत हे माणूस कोठून पाहतो त्यावर असते.

२. वस्तुस्थिती वेगळी, मत वेगळे

मतांचे प्रकार पाहण्याआधी एक कुंपण घालू. कुंपणाच्या अलीकडे मत, पलीकडे वस्तुस्थिती. वस्तुस्थितीला इंग्रजीत ‘फॅक्ट’ म्हणतात.

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर आहे. त्याची उंची १६४६ मीटर आहे. ही वस्तुस्थिती झाली. मोजून पाहता येते. कोणाला पटो वा न पटो, शिखर एक इंचही खाली येत नाही.

‘कळसूबाईवरून दिसणारा देखावा महाराष्ट्रात सर्वांत सुंदर आहे.’ हे मत झाले. महाबळेश्वरला जाऊन आलेला मुलगा म्हणेल, छे! आमचा देखावा जास्त सुंदर. दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही, कारण सुंदरपणा मोजायची फूटपट्टी नसते.

आता याच डोंगरावरून ‘व्ह्यू’ शब्द समजून घ्या. व्ह्यू म्हणजे देखावा आणि व्ह्यू म्हणजे मतही. पायथ्याच्या बारी गावातून वर पाहणाऱ्याला उभा डोंगर दिसतो. शिखरावर उभे राहणाऱ्याला खाली पसरलेले भंडारदरा धरणाचे पाणी दिसते. डोंगर एकच, पण उभे राहण्याची जागा बदलली की देखावा बदलला. इंग्रजीत या जागेला ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’ म्हणतात. भांडण झाले की गुरुजी म्हणतात ना, ‘अरे, जरा त्याच्या जागी उभा राहून बघ’, तेच ते.

येथे एक सावधगिरी मात्र ठेवावी. पुष्कळ लोकांचे मत एक झाले म्हणून ती वस्तुस्थिती होत नाही. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असे शेकडो वर्षे बहुतेक लोकांना वाटत होते. कोपर्निकसचे पुस्तक १५४३ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्याने पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडले. तेव्हा त्याच्या बाजूला थोडेच लोक होते. पण म्हणून काही पृथ्वी फिरायची थांबली नव्हती! उलटेही खरे आहे. सगळ्यांपेक्षा वेगळे बोलले म्हणजे ते बरोबरच असते असेही नाही. कोपर्निकसजवळ आकडेमोड आणि निरीक्षण होते, म्हणून त्याच्या म्हणण्याला किंमत आली.

३. एक घर, नऊ बोलणी

आता सारे शब्द एका ठिकाणी पाहू. समजा, एका गावात सातवीपर्यंत शाळा आहे. एका घरातली ताई सातवी पास झाली. तिला आठवीला बाहेरगावच्या हायस्कुलात पाठवायचे की नाही, यावर रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर बोलणे चालले आहे. प्रत्येकाचे बोलणे नीट ऐका.

वडील म्हणतात, ‘हायस्कूल पाच किलोमीटरवर आहे. सकाळी एसटी एकच असते.’
हे फॅक्ट. म्हणजे वस्तुस्थिती. यात मत काहीच नाही.

आजी म्हणते, ‘लई शिकलेल्या पोरीला स्थळ मिळत नाही.’
हे बिलीफ. म्हणजे समज. आजी हे लहानपणापासून ऐकत आली, म्हणून तिला खरे वाटते. तिने कधी मोजून पाहिलेले नाही. काही समज चांगले असतात, काही चुकीचे असतात, पण ते पारखून घेतलेले नसतात.

काका म्हणतात, ‘काल मी त्या शाळेवरून गेलो. पोरं नुसती बाहेर हुंदडत होती. शाळा काही खरी नाही.’
हे इम्प्रेशन. म्हणजे एका नजरेत मनावर उमटलेला ठसा. कदाचित त्या वेळी मधली सुट्टी असेल! ठसा लवकर उमटतो, म्हणून त्यावर लगेच विसंबू नये.

मामा म्हणतात, ‘एखादी जुनी सायकल बघितली तर?’
ही आयडिया, म्हणजे कल्पना. ती दुसऱ्यापुढे मांडली की तिला ‘सजेशन’ म्हणतात, म्हणजे सूचना. सूचना ऐकलीच पाहिजे असे नसते.

आजोबा म्हणतात, ‘शेतकऱ्याच्या बाजूनं बघा. सुगीला घरात एक हात कमी पडतो.’
हा व्ह्यू. आजोबा शेताच्या बांधावर उभे राहून पाहतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही, पण ती एक बाजू झाली.

आत्या म्हणते, ‘वहिनी, दोन वर्षं ओढाताण होईल, पण शाळा सोडवू नका. मी सोडली, ते आजवर सलतंय.’
हे ॲडव्हाइस, म्हणजे सल्ला. अनुभवी माणूस, काय करावे ते दुसऱ्याला सांगतो तेव्हा तो सल्ला होतो.

शाळेतल्या बाई म्हणतात, ‘मी तीन वर्षं तिच्या वह्या तपासल्यात. गणित पक्कं आहे. ती तिथं मागं पडणार नाही.’
हे जजमेंट. पुरावा तपासून, तोलून काढलेला निष्कर्ष. न्यायाधीशाच्या निकालालाही जजमेंटच म्हणतात.

आई म्हणते, ‘मला वाटतं, पाठवावी. कारण तिच्या वर्गातल्या आणखी दोन पोरी निघाल्यात, सोबत आहे. आणि मुलींना शाळेसाठी एसटीचा पास फुकट मिळतो, म्हणजे खर्चाचा बोजा नाही.’
हे ओपिनियन! आईने ‘मला वाटतं’ म्हटले, म्हणजे हे आपले मत आहे हे कबूल केले. पुढे ‘कारण’ म्हटले आणि दोन कारणे दिली. तिचे दुसरे कारण तर वस्तुस्थिती आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेत जाण्यासाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. ज्या मताखाली वस्तुस्थितीचा पाया असतो ते मत घट्ट उभे राहते.

शेवटी सगळे ऐकून वडील जे ठरवतील ते ‘डिसिजन’, म्हणजे निर्णय.

आठ बोलणी झाली आणि नववा निर्णय झाला. पण एका माणसाला अजून कोणी काही विचारलेलेच नाही. ती दाराआड उभी आहे. तिचा विचार आपण पुढे सहाव्या भागात करू.

४. मराठीतले ‘मत’ दोन कामे करते

इंग्रजीत ओपिनियन आणि व्होट हे दोन निरनिराळे शब्द आहेत. मराठीत दोन्हींना आपण मत म्हणतो. ‘तुझे मत काय?’ आणि ‘तू मत कोणाला दिलेस?’ यांत मत शब्द एकच, पण अर्थ दोन. व्होट हा शब्द लॅटिनमधल्या ‘व्होटम’ या शब्दापासून आला. त्याचा अर्थ नवस किंवा इच्छा.

दोघांत फरक असा. व्होट गुप्त असते. ते का दिले हे कोणी विचारू नये आणि सांगण्याची सक्तीही नसते. ओपिनियन उघड असते आणि त्याचे कारण विचारले तर सांगावे लागते. व्होट प्रत्येकाचे एकच, श्रीमंताचे आणि गरिबाचे सारखेच मोजतात. ओपिनियन मात्र मोजत नाहीत, तोलतात. ज्याच्या मताला कारण भक्कम, त्याचे पारडे जड. व्होटला वयाची अट आहे. पूर्वी ते वय २१ वर्षे होते. १९८९ साली ६१ वी घटनादुरुस्ती झाली आणि ते १८ वर्षे झाले. ओपिनियनला मात्र वयाची अट नाही. पहिलीतल्या मुलालाही मत असते.

वर्तमानपत्रात निवडणुकीच्या वेळी दोन शब्द येतात. ‘ओपिनियन पोल’ म्हणजे मतचाचणी. त्यात काही लोकांना विचारून अंदाज बांधतात. ‘पोल’ म्हणजे प्रत्यक्ष मतदान. अंदाज चुकू शकतो, मतदानाची मोजणी मात्र निकाल ठरवते. वडीलधाऱ्यांनी वाचताना हा फरक जरूर ध्यानात घ्यावा.

मत शब्दाचे कुटुंबही मोठे आहे. सर्वांचे सारखे मत ते एकमत. जास्त लोकांचे ते बहुमत. मत जुळले नाही तर मतभेद, इंग्रजीत ‘डिफरन्स ऑफ ओपिनियन’. लोकांचे मत ते लोकमत, इंग्रजीत ‘पब्लिक ओपिनियन’.

लोकमत तयार व्हायला वर्तमानपत्रे लागतात. मराठीतले पहिले वर्तमानपत्र ‘दर्पण’. ते बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केले. त्यात एका रकान्यात मराठी आणि शेजारच्या रकान्यात इंग्रजी मजकूर असे. म्हणजे मराठी वाचणाऱ्याचे म्हणणे इंग्रजाला कळावे आणि इंग्रजाचे मराठी माणसाला कळावे, अशी सोय झाली. म्हणून ६ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळतात.

५. वापर कसा करावा?

आता इंग्रजीच्या तासाला उपयोगी पडतील अशा गोष्टी. वहीत उतरून घ्या.

(अ) ओपिनियन हा शब्द स्वराने सुरू होतो. म्हणून ‘अ ओपिनियन’ नव्हे, ‘ॲन ओपिनियन’.

(आ) ‘माझ्या मते’ याचे इंग्रजी ‘इन माय ओपिनियन’. पुष्कळ जण ‘अकॉर्डिंग टू मी’ म्हणतात. ते बरोबर नाही. ‘अकॉर्डिंग टू’ हे दुसऱ्याचे म्हणणे सांगताना वापरतात. अकॉर्डिंग टू द टीचर, म्हणजे शिक्षकांच्या म्हणण्याप्रमाणे. स्वतःबद्दल नेहमी ‘इन माय ओपिनियन’ किंवा साधे ‘आय थिंक’.

(इ) ‘इन माय ओपिनियन, आय थिंक’ असे दोन्ही एकत्र लिहू नये. ‘माझ्या मते मला असे वाटते’ म्हणण्यासारखे ते होते. एकच पुरे.

(ई) ‘तुला कसं वाटतं?’ याचे आपण शब्दाला शब्द ठेवून ‘हाऊ डू यू थिंक?’ करतो. ते चूक. बरोबर वाक्य ‘व्हॉट डू यू थिंक?’ किंवा ‘व्हॉट इज युवर ओपिनियन?’

(उ) मराठीत मत बनवतात, पण इंग्रजीत ‘मेक’ करत नाहीत, ‘फॉर्म ॲन ओपिनियन’ म्हणतात. मत देणे म्हणजे ‘गिव्ह’, मांडणे म्हणजे ‘एक्स्प्रेस’, विचारणे म्हणजे ‘आस्क फॉर’ आणि बदलणे म्हणजे ‘चेंज’. हो, मत बदलता येते बरं का! नवी माहिती मिळाल्यावर मत बदलणे यात कमीपणा नाही.

(ऊ) ॲडव्हाइस या शब्दाचे अनेकवचन करत नाहीत. ‘ॲडव्हाइसेस’ असा शब्द नाही. एक सल्ला म्हणायचे तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’. शिवाय शेवटी सी, ई लिहिले तर ॲडव्हाइस हे नाम होते. एस, ई लिहिले तर ‘ॲडव्हाइज’ हे क्रियापद होते, म्हणजे सल्ला देणे.

(ए) व्ह्यू हा शब्द मत या अर्थी पुष्कळदा अनेकवचनी येतो, ‘माय व्ह्यूज’. ओपिनियन एका गोष्टीबद्दल असते, व्ह्यूज एखाद्या मोठ्या विषयाबद्दल असतात. या आंब्याबद्दल ओपिनियन, शेतीबद्दल व्ह्यूज.

(ऐ) एका डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले तर घाबरून न जाता दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतात. त्याला ‘सेकंड ओपिनियन’ म्हणतात. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नसतो.

(ओ) ‘शी हॅज अ हाय ओपिनियन ऑफ यू’ म्हणजे तिचे तुझ्याबद्दल चांगले मत आहे. येथे ‘हाय’ म्हणजे उंच नव्हे, चांगले. वाईट मत असेल तर ‘लो ओपिनियन’.

(औ) ‘रिमार्क’ म्हणजे शेरा. तो थोडक्यात असतो. आपल्या प्रगतिपत्रकावर बाई लिहितात तो रिमार्क. शाळेला भेट देणारे पाहुणे वहीत दोन-चार ओळी लिहितात त्याला मराठीत अभिप्राय म्हणतात. ‘शाळा उत्तम आहे’ एवढेच लिहिले तर तो शेरा झाला. ‘मुले न घाबरता वाचतात, म्हणून शाळा उत्तम वाटली’ असे लिहिले तर तो ओपिनियन झाला. फरक एका ‘म्हणून’चा आहे.

६. एका मताचा प्रवास

मताला कारण जोडले तर काय होते, याचे एक मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे.

१८८२ साली इंग्रज सरकारने देशातल्या शिक्षणाची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष विल्यम हंटर होते, म्हणून त्याला हंटर आयोग म्हणतात. आयोगाने लोकांची मते मागवली. महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्याहून आपले निवेदन इंग्रजीत लिहून दिले. म्हणजे आपण पुस्तकात सोडवतो तसाच ‘गिव्ह युवर ओपिनियन’ हा प्रश्न त्यांच्यापुढे होता म्हणा ना!

त्यांनी उत्तर कसे लिहिले ते पाहा. प्रथम त्यांनी आपला अनुभव सांगितला. १८४८ पासून त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींसाठी आणि पुढे शूद्र-अतिशूद्रांच्या मुलांसाठी शाळा चालवल्या होत्या. ऐकीव गोष्ट नव्हती. मग वस्तुस्थिती मांडली. सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा बहुतांशी शेतकऱ्यांच्या घामाचा आहे, पण शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणासाठी होतो, असे त्यांनी दाखवले. आणि त्यानंतर मत दिले. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे. शिक्षकांना चांगले प्रशिक्षण आणि चांगला पगार द्यावा. मुलांना मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवावे.

अनुभव, वस्तुस्थिती, मग मत. क्रम ध्यानात ठेवा.

त्या वेळी सरकारने सक्तीचे शिक्षण सुरू केले नाही. पण मत मेले नाही. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते १९१२ साली फेटाळले गेले. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. २६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली. तिने सरकारला सांगितले, की चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा. २००२ साली ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. २००९ साली त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला.

१८८२ ते २००९, म्हणजे १२७ वर्षे. आज आपल्याला शाळेत फी द्यावी लागत नाही, त्याच्या मुळाशी असलेल्या मतांपैकी एक मत हे आहे. लोकमत आधी विरोधात होते. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकत. आज त्याच पुण्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. लोकमत बदलते, पण ते बदलायला कोणीतरी कारणासह मत मांडावे लागते.

आता दाराआड उभ्या राहिलेल्या ताईकडे या. २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मुलांच्या हक्कांचा करार स्वीकारला. भारताने तो १९९२ साली मान्य केला. त्यातले १२ वे कलम सांगते, की जे मूल स्वतःचे मत बनवू शकते त्याला आपल्याशी संबंधित गोष्टींत ते मोकळेपणाने मांडण्याचा हक्क आहे, आणि त्याचे वय व समज पाहून त्या मताला योग्य वजन द्यावे. या कलमात मत यासाठी जो इंग्रजी शब्द आहे तो ‘व्ह्यूज’. याचा अर्थ मूल म्हणेल तेच होईल असा नाही. पण त्याला विचारायचे, ऐकायचे आणि तोलायचे.

तेव्हा ताईला बोलवा. ती कदाचित म्हणेल, ‘मला जायचंय. पहाटे उठून मी आईचं अर्धं काम उरकीन. सुगीला रविवारी शेतात येईन.’ पाहा, आजोबांच्या अडचणीला उत्तर ओसरीवरच्या एवढ्या माणसांपैकी कोणी दिले नव्हते. ते तिच्याजवळ होते. न विचारता निर्णय झाला असता तर ते दाराआडच राहिले असते.

७. पालकांसाठी दोन शब्द

आपल्या पाठ्यपुस्तकांत सुरुवातीला राज्यघटनेची प्रास्ताविका छापलेली असते. आपण ती परिपाठाला म्हणतो. त्यात विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा आणि उपासना यांच्या स्वातंत्र्याचा उल्लेख आहे. इंग्रजीत पहिल्या चार शब्दांना थॉट, एक्स्प्रेशन, बिलीफ, फेथ असे शब्द आहेत. घटना लिहिणाऱ्यांनी हे शब्द एकात एक मिसळले नाहीत, वेगवेगळे मांडले. मनात विचार करण्याचे स्वातंत्र्य वेगळे आणि तो बोलून दाखवण्याचे वेगळे. दोन्ही हवीत.

पालकहो, २००९ च्या कायद्याप्रमाणे शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. तेथे तुमचे मत हवे असते. ‘आम्हाला काय कळतंय, गुरुजी ठरवतील ते खरं’ असे पुष्कळ जण म्हणतात. पण पाण्याची टाकी कधी रिकामी असते, पोर घरी येऊन काय सांगते, कोणत्या वाटेवर ओढ्याला पाणी येते, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक? तुमच्याजवळ वस्तुस्थिती आहे. तिला ‘म्हणून’ जोडा, की झाले मत.

८. स्वाध्याय

(अ) खालील वाक्ये फॅक्ट, बिलीफ, इम्प्रेशन, ॲडव्हाइस की ओपिनियन ते ओळखा.

१. मांजर आडवे गेले की काम होत नाही.
२. ‘दर्पण’ १८३२ साली सुरू झाले.
३. नवा मुलगा बोलला नाही, म्हणजे तो गर्विष्ठ दिसतो.
४. खेळाचा तास शेवटी ठेवावा असे मला वाटते, कारण खेळून आल्यावर गणितात लक्ष लागत नाही.
५. पाणी उकळून पीत जा.

(आ) चुका दुरुस्त करा : ‘अकॉर्डिंग टू मी, मँगो इज बेस्ट.’ ‘ही गेव्ह मी मेनी ॲडव्हाइसेस.’ ‘धिस इज अ ओपिनियन.’

(इ) घरी गेल्यावर कोणत्याही एका गोष्टीवर तीन माणसांचे मत विचारा. त्यांत एक आजी किंवा आजोबा असावेत आणि एक तुमच्याहून लहान भावंड असावे. प्रत्येकाला ‘का?’ असे विचारा. पण उद्धटपणे नव्हे, ‘आजी, तुम्हाला असं का वाटतं?’ असे विचारावे. उत्तरे वहीत लिहून आणा.

(ई) पालकांसाठी : हा लेख वाचून झाल्यावर खाली टांगलेल्या वहीत अभिप्राय लिहावा. मात्र त्यात एक तरी ‘म्हणून’ किंवा ‘कारण’ असावे. लिहिता येत नसेल तर सांगा, आम्ही तुमच्या शब्दांत लिहून घेऊ.

(अ) ची उत्तरे : १ बिलीफ, २ फॅक्ट, ३ इम्प्रेशन, ४ ओपिनियन, ५ ॲडव्हाइस. चौथ्या वाक्याशी तुमचा मतभेद असेल तर चालेल. कारण मात्र सांगा!